गॅरेजमध्ये बांधलेल्या विक्रमी गाड्यांनी मागे काय ठेवलं?

पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या आणि कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी छोटी रेसिंग गाडी बांधायची स्पर्धा) संघात राबणाऱ्या एका मुलाने प्रश्न विचारलाय. थोडक्यात असा: "काका, बुगाटीची गाडी २०१९ मध्ये ताशी ४९० किलोमीटरच्या वर गेली. कंपन्या हे करत असताना, अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये गाडी बांधून मिठाच्या मैदानावर पळवणाऱ्यांचं आज काय महत्त्व? त्यांचा वारसा म्हणजे जुन्या आठवणीच ना? आणि फॉर्म्युला गाडी बांधलेल्या आमच्यासारख्यांना तिथे काही करता येईल का?"

काका म्हणालास, तेव्हा अरे-तुरेच करतो. मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात लेथवर हात बसला, पुढे दक्षिण कॅलिफोर्नियात मशीन शॉपमध्ये नोकरी केली आणि सुट्टीचे दिवस एका लहानशा संघाच्या लेकस्टर, म्हणजे फक्त वेगासाठी बांधलेल्या उघड्या चाकांच्या, गाडीखाली गेले. चालवायला मी कधी बसलो नाही. ॲक्सल, गिअर, चासीचं वेल्डिंग हे माझं खातं. त्यामुळे हे उत्तर गाडीखाली आडवं पडणाऱ्या माणसाचं आहे एवढं लक्षात ठेवून वाच. आकडे मैलांतच देतो, मिठावर सगळे मैलांतच बोलतात. १०० मैल म्हणजे १६१ किलोमीटर.

त्या लोकांनी मागे ठेवलेल्या गोष्टींत सगळ्यात मोलाची कुठली, असं विचारशील तर मी कुठल्याही गाडीचं नाव घेणार नाही. मी शर्यतींच्या नियमपुस्तकावर बोट ठेवीन. वाचायला महारटाळ. त्यातली बरीच कलमं कुणाचं तरी हाड मोडल्यावर किंवा जीव गेल्यावर आलेली. पण त्या पुस्तकामुळेच आजही एखादा फिटर किंवा शाळामास्तर स्वतः वेल्ड केलेली गाडी घेऊन येतो, कोट्यधीशाच्या मागे रांगेत उभा राहतो आणि त्याच पट्ट्यावर गाडी सोडतो. एवढ्या वेगाच्या दुसऱ्या कुठल्या मोटरस्पोर्टमध्ये हे उरलेलं मला तरी दिसत नाही. हे कसं घडलं ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोहावी वाळवंटात कोरडी तळी आहेत. म्युरॉक, एल मिराज ही त्यांतली नावं. हिवाळ्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात आटतं आणि मैलोन् मैल सपाट, कडक माती उरते. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-८ इंजिन आणलं आणि विशीतल्या पोरांच्या हाती घबाड लागलं. जुनी फोर्ड घ्यायची, मडगार्ड, दिवे, काच सगळं उतरवायचं, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं आणि पहाटे तळ्यावर हजर व्हायचं. सुरुवातीला चार-सहा गाड्या शेजारी शेजारी सुटायच्या. पुढच्याच्या धुळीत मागच्याला काही दिसायचं नाही, माणसं जायबंदी व्हायची, मरायचीही. त्या गोंधळाला शिस्त लावायला तिथल्या क्लबांनी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. आम्ही तिला एससीटीए म्हणतो. हळूहळू रीत ठरली ती एका वेळी एक गाडी सोडायची. शर्यत शेजारच्याशी नाही, घड्याळाशी.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी भंगाराचा पूर आला. लढाऊ विमानाच्या पोटाखाली लटकवायच्या जादा इंधनाच्या टाक्या कवडीमोलाने मिळू लागल्या. बिल बर्कने पॅसिफिकमध्ये नोकरीवर असताना त्या पाहिल्या होत्या. १९४६ मध्ये त्याने पी-५१ मस्टँगच्या टाकीत गाडी बसवली. ती टाकी लहान पडली, तेव्हा पी-३८ लाइटनिंगची मोठी घेतली, ३१५ गॅलनची, म्हणजे जवळपास १,२०० लिटरची. तीत माणूस पुढे आणि इंजिन मागे, अशी मांडणी केली. (इंजिन मागे टाकायची कल्पना बर्कची स्वतःची नव्हे. जर्मनीत ऑटो युनियन या गाड्यांच्या कंपनीने ती १९३० च्या दशकातच राबवली होती. पण ऑटो युनियनमागे सरकारी पैसा होता, बर्कमागे भंगारवाला.)

टाकीच का, हे तुझ्या कामाचं गणित आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो भेदायला लागणारी ताकद घनाने. वेग दुप्पट हवा तर ताकद आठपट. नुसता ५ टक्के वेग वाढवायचा म्हटला तरी सुमारे १६ टक्के जास्त ताकद लागते. साइड-व्हॉल्व्ह फोर्डमधून, म्हणजे ज्याला फ्लॅटहेड म्हणतात त्यातून, निघणारी ताकद मर्यादित. खिशातले पैसे त्याहून मर्यादित. मग समोरून दिसणारं क्षेत्रफळ कमी करणं हाच स्वस्तातला उपाय उरतो. माणसाला जवळजवळ आडवा कर, टाकीत कोंब, चाकं बाहेर राहू दे. आजही नियमांत लेकस्टर म्हणजे चाकं उघडी असलेली गाडी आणि स्ट्रीमलायनर म्हणजे चाकं झाकलेली.

वजनाचं मात्र तू कॉलेजात शिकतोस त्याच्या नेमकं उलट. तुम्ही ग्रॅम-ग्रॅम कमी करता, आम्ही शिसं भरतो. मिठावर टायरची पकड डांबरापेक्षा बरीच कमी असते. चाकं एका वेगाने फिरतात आणि गाडी त्याहून हळू पुढे सरकते. त्यावर उपाय म्हणजे वजन. वेग घ्यायला मैलच्या मैल मोकळे असतात, त्यामुळे जड गाडी उशिरा वेग घेते याचं दुःख फारसं नसतं. फक्त वजनाचा मध्य हवेच्या दाबाच्या मध्याच्या पुढे राहिला पाहिजे, नाहीतर गाडी शेपूट पुढे घालायला बघते. शिसं किती पुढे आणि किती मागे, यावर आमच्या संघात जेवढी भांडणं झाली तेवढी पैशावरूनही झाली नाहीत.

याच कारणाने बुगाटीशी तुलना मला जरा आडमुठी वाटते. तो आकडा खराच आहे, पण जर्मनीतल्या एरा-लेसियनच्या डांबरी चाचणी पट्ट्यावरचा आणि एकाच दिशेचा. बॉनविल, म्हणजे अमेरिकेतलं ते मिठाचं मैदान, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंच, ऑगस्टचं ऊन, त्यामुळे हवा विरळ आणि इंजिन तिथे पोचेपर्यंतच दमलेलं. शिवाय चाकांखाली ओलसर मीठ. आणि आकड्यांचंच म्हणशील तर १९६५ सालीच दोन भावांनी भाजीच्या जुन्या दुकानात बांधलेली गाडी ४०९ मैलांवर, म्हणजे ताशी ६५८ किलोमीटरवर नेली होती. त्यांच्याकडे येतोच.

युटामधलं बॉनविलचं मैदान तोवर मुख्यतः कॅम्पबेल, आयस्टन, कॉब अशा ब्रिटिश विक्रमवीरांचं. १९४९ मध्ये वॉली पार्क्स आणि एससीटीएच्या मंडळींनी तिथे परवानगी मिळवून पहिला स्पीड वीक, म्हणजे वेगाच्या फेऱ्यांचा आठवडा, भरवला. बरबँकमध्ये सुट्या भागांचं छोटं दुकान चालवणारा ॲलेक्स झिडियास आणि त्याचा दोस्त डीन बॅचलर यांची स्ट्रीमलायनर त्या पहिल्याच वर्षी १९३ मैलांवर गेली, पुढच्या वर्षी २१० वर. इंजिन फोर्डच्याच मर्क्युरी गाडीचं, तेही फ्लॅटहेड. याच झिडियासच्या टाकीवाल्या लेकस्टरने पुढे वेगवेगळी इंजिनं बदलून वेगवेगळ्या क्लासचे, म्हणजे गटांचे, विक्रम केले. चासी एक, इंजिनं तीन. खर्च वाचवायची ही युक्ती आजही चालते.

बाजाराला यातून काय मिळालं, हे बहुतेक लेखांत येतं म्हणून भरभर सांगतो. स्टू हिलबॉर्नने कोरड्या तळ्यावर आपल्या स्ट्रीमलायनरमध्ये स्वतःचं फ्युएल इंजेक्शन वापरलं. १९४८ मध्ये ती गाडी १५० मैलांवर गेली आणि तेच इंजेक्शन पुढे इंडियानापोलिसच्या शर्यतींत घरोघरी झालं. एडेलब्रॉकचे मॅनिफोल्ड, इस्केंडेरियनचे कॅमशाफ्ट, हॅलिब्रँडची मॅग्नेशियमची चाकं ही सगळी याच गोतावळ्यातली. ड्रॅग शर्यतींची (छोट्या सरळ पट्ट्यावर थांबलेल्या गाड्या सोडायच्या शर्यती) एनएचआरए ही संस्था वॉली पार्क्सनेच १९५१ मध्ये काढली. यात कौतुक आहेच, पण धंदे कुठूनही उभे राहतात. मला त्यापेक्षा १९६० च्या दशकातली माणसं जास्त खुणावतात.

मिकी थॉम्प्सन. लॉस एंजेलिसच्या एका वर्तमानपत्रात छपाईयंत्रावर काम करायचा. त्याने चॅलेंजर-१ मध्ये पाँटिॲकची चार इंजिनं बसवली, दोन पुढच्या चाकांना, दोन मागच्या. प्रत्येक इंजिनाला वेगळा गिअरबॉक्स, तोही १९३० च्या दशकातल्या कॅडिलॅक-लासालमधून काढलेला. चार गिअरबॉक्स एकाच वेळी बदलायचे, हे वाचून माझ्यातला फिटर आजही कपाळाला हात लावतो. ९ सप्टेंबर १९६० ला ही गाडी एका दिशेने ४०६.६० मैलांवर गेली. अमेरिकन माणसाने चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत ४०० ओलांडायची ती पहिली वेळ. पण परतीच्या फेरीत गाडीने दगा दिला, आणि जागतिक विक्रमाला एका तासाच्या आत उलट दिशेची फेरी लागते. आकडा मिळाला, विक्रम नाही.

थॉम्प्सनने १९६८ मध्ये चॅलेंजर-२ बांधली. पावसाने मैदान बुडालं, पाठबळ देणाऱ्या फोर्ड कंपनीने हात आखडता घेतला, गाडी कोपऱ्यात पडून राहिली. १९८८ मध्ये त्याचा खून झाला. मुलगा डॅनी याने पुढे ती चासी बाहेर काढली, दोन नवी इंजिनं बसवली, सुरक्षेच्या नव्या नियमांनुसार फेरफार केले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये दोन फेऱ्यांची सरासरी आली ४४८.७५७ मैल. बापाने आखलेली गाडी, वय पन्नास. फॉर्म्युला वनमध्ये तीन वर्षांची गाडी प्रदर्शनात जाते. इथे पन्नास वर्षांची गाडी विक्रम करते, कारण हवेला कुठल्या आकाराचा राग येतो हे १९६८ मध्ये बरोबर ओळखलं असेल तर तो आकार अजूनही बरोबरच असतो.

आर्ट आर्फन्स हा ओहायोतल्या ॲक्रनचा. एफ-१०४ लढाऊ विमानात असतं ते जे-७९ जेट इंजिन त्याने भंगारात ६०० डॉलरला घेतलं. आत काहीतरी शिरून पाती खराब झाली होती म्हणून हवाई दलाने ते टाकून दिलं होतं. त्याने बनवणाऱ्या कंपनीकडे माहितीपुस्तक मागितलं, कंपनीने नकार दिला. मग स्वतःच उघडलं, खराब पाती काढली, घराजवळ झाडांना बांधून चालवून पाहिलं. ही ग्रीन मॉन्स्टर ५ ऑक्टोबर १९६४ ला ४३४ मैलांवर गेली, त्याच महिन्याच्या २७ तारखेला ५३६ वर, आणि ७ नोव्हेंबर १९६५ ला ५७६ वर. समोर होता क्रेग ब्रीडलव्ह, तोही भंगारातल्या जेट इंजिनावरच सुरू झालेला, पण नंतर मोठ्या कंपन्यांचं पाठबळ मिळालेला. १५ नोव्हेंबर १९६५ ला ब्रीडलव्हने ६०० चा आकडा ओलांडला. त्याआधी काही दिवस त्याने आपल्या बायकोला, ली हिला, त्याच गाडीत बसवलं होतं. आर्फन्सला मैदान मिळू नये म्हणून दिवस अडवून ठेवायचा, हा हेतू. ती ३०८ मैलांवर गेली आणि स्त्रियांचा विक्रम तिच्या नावावर लागला. शेजाऱ्याचं पाणी अडवायला गेला आणि घरात विहीर लागली.

जेट गाड्यांबद्दल माझं मत जरा तिरकं आहे. धाडस अफाट, आर्फन्सची हातोटी तर दंडवत घालण्यासारखी. पण तिथे चाकं फक्त फिरत असतात, ढकलतं इंजिन. चाकातून ताकद जमिनीत उतरवायची, तीही मिठात, यात जी कारागिरी लागते ती वेगळी. म्हणून माझ्यासाठी त्या काळातली सगळ्यात सुंदर गाडी गोल्डनरॉड.

बॉब आणि बिल समर्स हे दोघे भाऊ. कॅलिफोर्नियातल्या ऑन्टारिओ गावी भाजीचं जुनं दुकान हाच त्यांचा कारखाना. क्रायस्लरची चार हेमी इंजिनं एकामागोमाग एका रांगेत, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) नाही, चारही चाकांना ताकद. लांबी ३२ फूट, रुंदी ४ फूट. बोनेटच्या जागी उंची फक्त २८ इंच, म्हणजे तुझ्या मांडीपर्यंत. समोरून पाहिलं तर चार इंजिनं कुठे लपली आहेत ते कळत नाही. १२ नोव्हेंबर १९६५, ४०९.२७७ मैल. १९९१ मध्ये अल टीगने घरच्या गॅरेजमध्ये बांधलेल्या, एकाच सुपरचार्ज्ड हेमीवर चालणाऱ्या गाडीतून ४०९.९८६ काढले, एका मैलाहूनही कमी फरकाने पुढे. सुपरचार्जर नसलेल्या गाड्यांत तर गोल्डनरॉडचा आकडा २०१० पर्यंत टिकला. गाडी आता मिशिगनमध्ये हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. तिथे नेल्यावर तिचं मोठं दुरुस्तीकाम करावं लागलं, कारण मीठ तिला आतून खात होतं. मिठावर पळालेली कुठलीही गाडी उघडली की हेच दिसतं. ओलं मीठ चाकाखालून उडतं, पत्र्याच्या आतल्या प्रत्येक सांदीत जाऊन बसतं, सुकून घट्ट होतं, आणि पाण्याचा फवारा मारून धुतलं असं वाटलं तरी सहा महिन्यांनी एखादा नट उघडावा तर पांढरी भुकटी पडते.

आता मरणाकडे येतो, कारण नियमपुस्तक तिथून येतं. ॲथॉल ग्रॅहम सॉल्ट लेक सिटीत गॅरेज चालवायचा. विमानाचं ॲलिसन इंजिन घेऊन त्याने स्वतः गाडी बांधली. १ ऑगस्ट १९६० ला ती उलटली आणि तो गेला. १९६२ मध्ये ग्लेन लीशर एका जेट गाडीत गेला. १९६६ मध्ये आर्फन्सची ग्रीन मॉन्स्टर ६०० च्या वेगात मोडून पडली आणि तो मात्र जिवंत बाहेर आला, कारण त्याच्याभोवतीचा नळ्यांचा संरक्षक पिंजरा टिकला. अशा प्रत्येक प्रसंगानंतर कुणीतरी कलम लिहिलं. पिंजऱ्याचा पाईप किती व्यासाचा, पत्रा किती जाड, वेल्ड कुठे चालेल आणि कुठे नाही, पट्टे किती वर्षांनी बदलायचे, हात बाहेर फेकले जाऊ नयेत म्हणून दोऱ्या कशा बांधायच्या, गाडी थांबवायचं पॅराशूट कुठल्या वेगापासून सक्तीचं.

तपासणीच्या टेबलाशी हे बघण्यासारखं असतं. तपासनीस बहुतेक सत्तरीचे, सगळे स्वयंसेवक, सगळे स्वतः कधी ना कधी गाडी बांधलेले. एक म्हातारा गुडघे टेकून आत शिरतो, टॉर्च लावतो आणि इंजिनाकडे बघतही नाही. त्याला बघायचं असतं स्टीअरिंगच्या सांध्यातल्या बोल्टचा आटा नटाच्या बाहेर आलाय का, लॉक वायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधलेली तार) योग्य दिशेने ओढली आहे का, ब्रेकची नळी कुठे पत्र्याला घासते का. मग ड्रायव्हरला पूर्ण पोशाखात, हेल्मेट-ग्लोव्हज घालून, पट्टे आवळून बसवतात आणि सांगतात, ये बाहेर, कुणी मदत करायची नाही. घामाघूम झालेला माणूस अडकला, तर गाडी परत तंबूत. तिथे ओळख चालत नाही. कित्येक वर्षं विक्रम केलेल्यांनाही परत पाठवताना मी पाहिलंय. शिवाय नवा ड्रायव्हर आला आणि थेट ३०० वर गेला असं होत नाही. परवाना पायऱ्यापायऱ्यांनी मिळतो, आधी कमी वेगात नीट जाऊन दाखव, मग पुढची पायरी.

त्याच पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे क्लास. गाडीचा आकार एकीकडे, इंजिनाची क्षमता दुसरीकडे, सुपरचार्जर आहे की नाही, पेट्रोल की दुसरं इंधन. यांच्या जोड्या लावल्या की शेकडो क्लास होतात. याची थट्टा होते, प्रत्येकाला एक विक्रम वाटून दिलाय म्हणून. मला ती थट्टा पटत नाही. ज्याच्याकडे एक लिटरचं इंजिन आहे त्याने सात लिटरवाल्याशी का भिडावं? २०१८ मध्ये चेन्नईत बनणाऱ्या रॉयल एनफिल्डच्या ६५० सीसी ट्विनवर अठरा वर्षांच्या मुलीने बॉनविलला १५० मैल ओलांडले. क्लास नसते तर ती बातमी झाली असती का?

आणि जुन्या इंजिनांचे वेगळे क्लास आहेत, त्यांना तर मी हात जोडतो. फोर्डच्या फ्लॅटहेडचा वेगळा, १९३४ पर्यंतच्या चार सिलिंडरच्या इंजिनांचा वेगळा. यामुळे मॉडेल ए फोर्डचं इंजिन आजही कुणीतरी जास्त वेगाने फिरवायला धडपडतं, आणि ते धडपडतं म्हणून त्याचं काम जाणणारी माणसं शिल्लक आहेत. त्या इंजिनात आजच्यासारख्या बेअरिंगच्या तयार वाट्या नसतात. व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगचा मऊ मिश्रधातू, ब्लॉकमध्येच ओतावा लागतो. ब्लॉक आधी तापवायचा, मँड्रेल, म्हणजे साच्याचा दांडा, मधोमध बसवायचा, वितळलेला धातू एका दमात ओतायचा. हात मध्येच थांबला तर दोन थर होतात आणि पुढे कधीतरी ते वेगळे होतात. मग लाइन बोरिंग, म्हणजे सगळी बेअरिंगची भोकं एका रेषेत कातणं, मग कॅपखालचे शिम (पातळ पत्रे) एकेक काढत क्लिअरन्स जुळवायचा. उद्यमनगरात जुन्या ऑइल इंजिनांवर हे काम करणारे मिस्त्री मी पोरवयात पाहिले होते. कॅलिफोर्नियात एका तिशीतल्या मुलीला तेच काम करताना पाहिलं, तिला ते तिच्या आजोबांच्या वयाच्या संघसोबत्याने शिकवलेलं. संग्रहालयात ठेवलेलं इंजिन हे शिकवत नाही. पिस्टन घरी ओतणारा न्यूझीलंडचा बर्ट मन्रो १९२० सालच्या इंडियन मोटरसायकलवर १९६७ मध्ये १८४ मैलांवर गेला, तोही याच जातकुळीचा. मोटरसायकलवाला म्हणून त्याला बाहेर ठेवणं मला जमत नाही.

स्पीड वीकचा विक्रम कसा लागतो तेही सांगतो, कारण त्यातही हा वारसा आहे. आधीच्या विक्रमाच्या वर एक फेरी गेली की गाडी थेट राखीव आवारात न्यायची. तिथे काम करायला चार तास. त्यानंतर गाडीला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा फेरी, आणि दोन्हींची सरासरी. पेट्रोलच्या क्लासमध्ये टाकीला सील असतं. विक्रम झाला की इंजिनाची क्षमता मोजून बघतात, तोंडी सांगितलेलं चालत नाही. बक्षिसाची रक्कम नाही. हातात पडते ती वेळेची एक चिठ्ठी. पैसा नाही म्हणून लबाडी कमी, असं माझं प्रामाणिक मत. खर्च मात्र वाढलाय. २०२० मध्ये जॉर्ज पोटीटची स्पीड डेमन एकाच पिस्टन इंजिनावर ४७० मैलांवर गेली. डोळे दिपवणारी गाडी, पण तिला घरगुती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

या वारशाला खरा धोका बुगाटीचा नाही, मिठाचा आहे. बॉनविलचा मिठाचा थर गेल्या काही दशकांत पातळ झालाय. शेजारी खताला लागणाऱ्या पोटॅशसाठी खारं पाणी चर खणून नेलं जातं, आणि थर कशामुळे किती झिजला यावर खाणवाले, सरकार आणि रेसर यांची जुनी तक्रार आहे. १९९७ नंतर काही वर्षं खारं पाणी परत मैदानावर सोडायचा प्रयोग झाला. १९६० च्या दशकात दहा मैलांहून लांब सरळ पट्टा मिळायचा, आता बऱ्याच वर्षी त्याहून आखूड पट्ट्यावर भागवावं लागतं. २०१४, २०१५ आणि २०२२ चे स्पीड वीक पाण्यामुळे आणि खराब मिठामुळे रद्द झाले. मीठ जपायचं म्हणून तंबूत गाडीखाली ताडपत्री सक्तीची आहे, तेलाचा थेंबही मिठावर पडता कामा नये. पर्याय म्हणून ऑस्ट्रेलियातलं लेक गेर्डनर हे मिठाचं तळं, तिथेही अनेक वर्षं अशाच शर्यती भरल्या आहेत आणि कित्येक अमेरिकन गाड्या जहाजाने तिकडे गेल्या आहेत. पण जहाजाचं भाडं परवडणारा माणूस वेगळा, आणि शुक्रवारी संध्याकाळी ट्रेलर जोडून निघणारा वेगळा.

आता तुझा शेवटचा प्रश्न, तुम्हाला तिथे काय करता येईल. फॉर्म्युला गाडीतलं सस्पेन्शनचं ज्ञान जवळजवळ घरी ठेवून ये. इथे वळणच नाही, आणि बऱ्याच लेकस्टरना मागे स्प्रिंगही नसते. रेडिएटरचं गणितही विसर, आम्ही टाकीत बर्फाचं पाणी भरतो आणि एका फेरीपुरतं भागवतो. गिअर इतके उंच असतात की गाडी स्वतःहून सुटतच नाही, मागून ट्रकने ढकलावी लागते. त्यामुळे तुमचं शून्य ते शंभरचं कौतुकही इथे कुणी करणार नाही. उपयोगी पडेल ती हवेची समज, नळीचं नीट वेल्डिंग आणि डेटा लॉगिंग. गाडी बांधायची घाई करू नकोस. आधी एखाद्या संघाबरोबर एक मोसम नुसता राबून बघ, ट्रेलर ओढायला आणि पॅराशूट घडी करायला माणसं कायम कमी असतात. नंतर गाडी बांधलीस तर पिंजरा आधी आख आणि बाकी गाडी त्याच्याभोवती. उलट करणाऱ्यांना तपासणीच्या टेबलावरून परत जाताना मी पाहिलंय. आणि वायरिंग सफाईदार येत असेल तर मला कळव. मिठात पहिल्यांदा मरतात ते कनेक्टर, आणि आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांना अजून मल्टिमीटर नीट धरता येत नाही. सोल्डरिंग, क्रिम्पिंग, पाणी जाणार नाही असं सीलिंग एवढं येणाऱ्या पोराला कुठलाही संघ जेवूखाऊ घालून ठेवून घेईल.